दोरा लागायच्या आधी

माझ्या आत्यानं सत्तावीस वर्षं उंदरांचं पाय उचलणं मोजलं. प्रयोगशाळेत तिचं कामच ते. उंदराचा एक पंजा औषध टोचून सुजवलेला असे. त्याला जाळीवर ठेवायचं आणि खालून नायलॉनचा ताठ, बारीक दोरा पंजाला टेकवायचा. पाय उचलला तर वहीत अधिक, नाही तर वजा. घरात सगळे तिला उंदीरमावशी म्हणायचे आणि तीही हसायची.

"सुजलेल्या जागी एक प्रथिन भरमसाट तयार होतं," ती सांगायची. "पोटातल्या बाळाचे मज्जातंतू तेच वाढवतं. आणि सुजेत तेच त्यांना असं चिडवून ठेवतं, की नुसता दोरा लागला तरी जीव कळवळतो. आमचे साहेब त्याला अडवायचं औषध शोधत होते."

"मग, सापडलं?"

"माझी नोकरी संपली बाई."

एका उंदराचा विषय निघाला की मात्र तिचं हसू मावळायचं. त्याच्या उजव्या कानाला खाच होती. बाराव्या दिवसापासून तो दोरा लागायच्या आधीच पाय उचलायला लागला, आत्याच्या चपलांचा आवाज आला की. वहीत त्यासाठी रकानाच नव्हता. साहेबांनी त्याला प्रयोगातून काढून टाकलं. तेव्हापासून आत्या घरात अनवाणी चालायची. मला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं.

पुढं सांधेवातानं तिचेच घोटे सुजले. तेव्हा तिनं तो दोरा माझ्या हातात ठेवला. "माझी वाचा गेली तर हा लाव. पाय उचलला तर गोळी द्यायला सांग. तुझी आजी तीन आठवडे कळा सोसत पडली होती आणि आम्ही म्हणत होतो, शांत झोपलीय."

गेल्या वर्षी झटका आला आणि वाचा खरंच गेली. दिवसा येणाऱ्या नर्सबाई म्हणायच्या, "झोपल्यात हो, कशाला उठवता?" मी दोरा टेकवायची, पाय हलायचा, गोळी मिळायची. मला केवढा अभिमान वाटायचा! पण विश्वास कुणावर ठेवायचा? गोळी लागू पडली का, तेही पाहायला हवंच. दिवसातून एकदाचं चारदा झालं, मग तासातासाला. मी वहीसुद्धा ठेवली. भाची कशी आत्याच्या वळणावर गेलीय, असं लोक कौतुकानं म्हणायचे.

काल दुपारी मी बाहेरून आले. दारातून पाहिलं, तर चादरीबाहेर आलेला तिचा पाय निवांत पडला होता. मी दोन पावलं टाकली. चपला वाजल्या. दोरा अजून माझ्या पर्समध्येच होता आणि आत्यानं पाय पोटाशी ओढून घेतला.

मी चपला काढून हातात घेतल्या आणि तिथंच उभी राहिले. पुढं जायची मला भीती वाटत होती. तिला माझी वाटत होती.