दिनकर मेस्त्रींचे दोन मीटर

दिनकर मेस्त्रींना एखादी वस्तू नीट बघायची असली की ते डोळे मिटायचे. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा यायच्या आधीच त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावरून अंगठा फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सर, कुणी करून दिलं हे? मधी पोट आलंय की." मी पट्टी आडवी धरून पाहिली. पोट खरंच आलं होतं, जेमतेम कागद सरकेल एवढं. मी पॉलिटेक्निकात यंत्र अभियांत्रिकी शिकवणारा माणूस, बारा वर्षं त्या टेबलावर जेवत होतो आणि मला पत्ता नव्हता. त्यानंतर ते आले की आमची बायको पोळपाटसुद्धा आत सरकवून ठेवायची.

ते पॅटर्न बनवायचे. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते. ती वाळूत दाबून साचा करतात आणि साच्यात रस ओततात. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. शाहूपुरीतल्या एका बोळात मेस्त्रींचं पत्र्याचं शेड होतं. पंप, चरक, ट्रॅक्टर असल्या कशाकशाचे पॅटर्न तिथे होत. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी त्यांच्या वडिलांनी आणलेली एक लांब पोलादी पट्टी होती. तिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा दहा मिलिमीटर मोठा. त्या पट्टीनं मोजलं की आकडेमोड न करता वाढ आपोआप मिळते. ते तिला वाढीची पट्टी म्हणत. तिच्यावरची 'लोखंडासाठी' ही अक्षरं कधीच झिजून गेली होती. शेडमध्ये दुसरी लांब पट्टी नव्हती, कारण चाळीस वर्षांत तिची गरजच पडली नव्हती.

हल्ली पॅटर्न संगणकावर काढतात आणि यंत्र कोरून देतं. बोळातले बाकीचे पॅटर्नवाले एकेक करून शेड भाड्यानं देऊन मोकळे झाले. मेस्त्रींच्या हाताखाली शिकायला कुणी राहिलं नव्हतं. मुलगी सांगलीला नर्स, तिचा संसार तिकडे. माणूस तसा तोंडाळ, शिव्या घालायचा, हसायचा. पण हा विषय निघाला की आवाज एकदम खाली यायचा. "सर, डोस्कं नुस्तं बघतंय, शिकतोय त्यो हात. आमच्या बानं माझ्या हातात घातलं. आता मी कुणाच्या हातात घालू? मी मेलो की माझ्यासंगट जाळून टाकणार हायसा तुमी हे सगळं." मी काहीतरी थातुरमातुर बोलायचो. असं कसं म्हणता मेस्त्री, वगैरे.

आणि मग सरकारचं ते बक्षीस आलं. आमच्या प्राचार्यांच्या टेबलावर परिपत्रक येऊन पडलं होतं. विनाचालक विमान बनवायचं, त्यानं दोन किलो औषधं घेऊन पुराच्या पाण्यापलीकडे जायचं, पेटी टाकायची आणि परत यायचं. जिंकणाऱ्याला बक्षीस तर होतंच, शिवाय त्याच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेला कायमचा निधी. मुद्दल तसंच राहणार आणि व्याजातून विमानाच्या कामाशी संबंधित एखादं कसब पिढ्यान्‌पिढ्या शिकवायचं. मी तो कागद घेऊन तडक शाहूपुरी गाठली. आमच्याकडे पुराचं पाणी काय करतं हे कुणी कुणाला सांगायला नको, पण मेस्त्रींनी पुराबद्दल विचारलं नाही, बक्षिसाचा आकडाही विचारला नाही. हातातला रंधा खाली ठेवून म्हणाले, "म्हंजी पोरं येतील?"

"दरवर्षी सहा घेता येतील," मी म्हणालो.

"आणि सातवी पास माणसाला शिकवू देत्यात व्हय?"

"इथे 'निष्णात कारागीर' असा शब्द आहे मेस्त्री. शिक्षणाची अट नाही."

तो शब्द त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग शेडमागच्या घराकडे ओरडून सांगितलं, "अगं, च्या टाक, सरास्नी." अक्काताई वहिनी बिद्रीकडच्या, नवऱ्यापेक्षा मोठ्या आवाजाच्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "आता म्हातारपणी इमान उडवायचं खूळ! खाली पडलं म्हंजी?" मेस्त्री म्हणाले, "पडलं तर पडलं. तुझ्या डोस्क्यावर न्हाय पाडत."

दीड वर्ष आम्ही त्यात घातलं. मोटर, बॅटरी, रिमोट हे माझ्याकडे. विमानाचं अंग, पंख आणि पंखा मेस्त्रींकडे. लाकूड शिवण नावाच्या झाडाचं, हलकं आणि आज्ञाधारक. मी स्टुलावर बसून चहा प्यायचो आणि बघायचो. पंख्याचं पातं ते गोल पटाशीनं उतरवत. रंध्याच्या ढलप्या निघाव्यात तशा कागदासारख्या चकत्या निघत, मध्येच ते पातं बोटावर तोलून धरत आणि जड बाजूनं अजून एक चकती काढत. दोन्ही बाजू सारख्या भरल्या की ते माझ्याकडे बघून नुसते भुवया उडवायचे.

नियम असा होता की पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरपेक्षा जास्त नको. पंख जितका लांब तितका भार जास्त उचलणार, म्हणून आम्ही पुरते दोन मीटर घ्यायचं ठरवलं. मी म्हटलं, "मेस्त्री, थोडं कमी ठेवू या, उगाच कटकट नको." ते भडकलेच. "कमी कशापायी? दोन म्हंत्यात न्हवं? मग दोन. माप म्हंजी माप, सर. मापाला मामा-मावशी नसतंय." पट्टीचं एक टोक मी धरलं, दुसऱ्या टोकाकडे त्यांनी खूण केली. पट्टी कुठली, ते सांगायला नको. सगळे भाग तिनंच मोजलेले, त्यामुळे सगळे एकमेकांत चपखल बसले. अर्जावर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, पंखांची लांबी दोन मीटर.

पेठ वडगावला माझ्या मेहुण्याचं शेत आहे. ऊस तोडून नेल्यावर मोकळ्या रानात आम्ही पहिल्यांदा विमान उडवलं. बांधावर पाचपन्नास माणसं जमली. एक म्हातारा मेस्त्रींना म्हणाला, "पावणं, फवारणीचं हाय काय ह्ये?" मेस्त्री म्हणाले, "न्हाय, औषध पोचवायचं हाय." "मग त्येच की!" म्हातारा म्हणाला. विमान दोन किलोची पेटी घेऊन उठलं, ओढ्यापलीकडच्या आंब्याला वळसा घातला, पेटी टाकली आणि परत येऊन मऊ मातीत बसलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मेस्त्रींनी टोपी काढून डोळे पुसले आणि मला म्हणाले, "सर, सहाच का? आठ घेऊ या की." आमच्या त्या सगळ्या उठाठेवीत खराखुरा आनंद झाला तो तेवढाच.

अंतिम फेरी लांब होती, एका जुन्या धावपट्टीवर. भाड्याच्या जीपमध्ये विमान आडवं बांधून आम्ही रात्रंदिवस प्रवास केला. तिथे उड्डाणाआधी तपासणी होती. दोन मीटर रुंदीची एक चौकट उभी केली होती आणि प्रत्येक विमान तिच्यातून पार व्हायला हवं होतं. आमचं विमान जाईना. मला आधी वाटलं तिरकं धरलंय. मेस्त्रींनी सरळ केलं. तरी दोन्हीकडची टोकं चौकटीला टेकून राहिली. तपासणीला एक तरुण अधिकारी बाई होत्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी टेप लावली, पुन्हा लावली, मग सहकाऱ्याला बोलावून तिसऱ्यांदा लावली. दोन मीटर वीस मिलिमीटर.

मीटरला दहा, दोन मीटरला वीस. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लोखंडाच्या आकसण्यासाठी पॅटर्नला किती वाढ द्यायची, हा धडा मी दरवर्षी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो! मेस्त्रींनाही त्याच क्षणी कळलं असणार, कारण ते चौकटीकडे न बघता माझ्याकडे बघत होते. लोखंड आकसलं असतं. लाकूड कशाला आकसतंय?

मी त्या बाईंना म्हटलं, "दोन्हीकडून दहा-दहा मिलिमीटर कापतो. दहा मिनिटं द्या. करवत जीपमध्ये आहे." त्यांनी नियमावली दाखवली. नोंदणीनंतर विमानात बदल करता येणार नाही. मग म्हणाल्या, "काका, स्पर्धेबाहेर म्हणून उडवून दाखवा ना. सगळ्यांना बघायचंय." मेस्त्री म्हणाले, "न्हाय बाईसाहेब. बाद ते बाद. आता ते उडवून कुणाला दावू?" आणि विमान काखेत घेऊन ते बाजूला जाऊन बसले.

बाकीच्यांची उड्डाणं आम्ही पाहिली. एकाची पेटी भलतीकडे पडली, एक वळताना कोसळलं, दोन परत येताना वाटेतच खाली बसली. संध्याकाळी जाहीर झालं की एकही विमान सर्व अटींना उतरलं नाही, म्हणून बक्षीस आणि निधी कुणालाच नाही. आमचं विमान मेस्त्रींच्या मांडीवर होतं. पेठ वडगावात त्यानं हे सगळं करून दाखवलं होतं, उसाच्या रानात, पाचपन्नास माणसांसमोर!

परतताना आम्ही सातारा ओलांडला. मग मेस्त्री म्हणाले, "सर, पट्टी माझी हुती." मी तेव्हा म्हणायला हवं होतं की मेस्त्री, पट्टीचं दुसरं टोक मी धरलं होतं, हा धडा मी शिकवतो, चूक माझी जास्त. मी म्हणालो नाही. खिडकीबाहेर बघत बसलो. काय माणूस म्हणायचा मी!

पुढे मी पत्रं लिहिली. खात्याला, समितीला, आमदारांना. 'नियमानुसार विचार करता येत नाही' अशी उत्तरं आली, काहींची तीही नाहीत. पुढच्या वर्षी बक्षिसाची नवी नियमावली आली, त्यात नोंदणीकृत कंपनी असल्याची अट होती. निधीचं कलम गाळून टाकलं होतं. नियम करणाऱ्यांना मी मनात यथेच्छ शिव्या दिल्या. आमच्या प्राचार्यांनी फाइल बंद केली. मेस्त्रींना ते सांगायला गेलो तेव्हा ते शांतपणे दगडावर पटाशी घासत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निधी न्हाय तर न्हाय. तुमी बसा की, सर."

मला वाटलं स्टुलावर बसायला सांगताहेत. मी बसलो.

"तसं न्हवं. शिकायला बसा. रोज तासभर. तुमचा हात चांगला हाय, मी बघितलाय."

मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, "आता या वयात मेस्त्री? परीक्षा होऊ देत, मग बघू." ते पुन्हा पटाशी घासायला लागले. परीक्षा झाल्या, मग पेपर तपासणी आली, मग प्रवेश, मग पुतणीचं लग्न. मी शाहूपुरीवरून स्कूटरनं जायचो तेव्हा बोळाकडे न बघता जायचो.

श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. मी दवाखान्यात गेलो, मग घरी आणल्यावर रोज संध्याकाळी जायला लागलो. आता मला वेळ मिळत होता, बघा. एक दिवस मीच अक्काताई वहिनींकडून पटाशी मागून घेतली, शिवणीचा एक तुकडा घेतला आणि त्यांच्या खाटेशेजारी बसलो. "शिकवा मेस्त्री," म्हटलं. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द चिकटून यायचे. तरी चेहरा उजळला. डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं आणि पटाशीला कोन देऊ लागले. पण तो हात कधीच पटाशी न धरलेला. त्याला काही येत नव्हतं. जे काही होतं ते गादीवर पडलेल्या उजव्या हातात होतं आणि तो हलत नव्हता. ते तोंडानं सांगू बघायचे, "असं... हळू... न्हाय, असं..." आणि पुढचा शब्द सापडायचा नाही, कारण त्या गोष्टीला शब्द कधी लागलाच नव्हता. मी जोर दिला आणि तुकडा उभा चिरला.

आम्ही बावीस दिवस बसलो. दर संध्याकाळी एक तुकडा चिरायचा. ते दर वेळी माझं मनगट सोडून डोळे मिटायचे. तेविसाव्या दिवशी मी बोळात शिरत असतानाच वहिनींचा हंबरडा ऐकू आला.

लोक म्हणतात, सरकारनं त्या माणसावर अन्याय केला. मीही चारचौघांत तसंच म्हणतो, सोपं पडतं. पण त्यांना सहा पोरं नको होती, निधी नको होता, एक हात हवा होता. दीड वर्ष दर रविवारी मी हातभर अंतरावर स्टुलावर बसलो होतो, दोन्ही हात धडधाकट, आणि त्या हातांत चहाची कपबशी होती.