पोस्टरवरच्या मुलीला विचारलं

जुनं मशीन विकत घेताना मी मालकाशी फक्त भावाचं बोलतो. मशीन कसं आहे ते त्याच्यावर काम केलेल्या ऑपरेटरला विचारतो, तेही चहाच्या टपरीवर, मालक समोर नसताना. वाळूज, चिकलठाण्याच्या एमआयडीसीतली बंद वर्कशॉपं गाठायची, तिथली लेथ, प्रेस उचलून पडेगावच्या माझ्या शेडमध्ये आणायची आणि नीट करून विकायची, हा माझा धंदा. तो मला कुणी शिकवला नाही. मला शिकवलं होतं डी.एड.

बारावीनंतर काय करू, असं मी तालुक्याच्या कॉलेजातल्या सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "डोळे झाकून डी.एड. कर. मास्तराची नोकरी कुठं जात नाही." मी झाकले. उघडले तेव्हा भरती बंद होती आणि गावोगावची पोरं प्रमाणपत्रं घेऊन घरी बसली होती. मग मी भंगाराच्या गोदामात कामाला लागलो. सरांवरचा राग मात्र अजून जपून ठेवलाय.

यंदा भाची बारावी सायन्स झाली. ताईचं रोजचं एकच, "सोमवारपर्यंत कुठंतरी नाव घाल हिचं." म्हणून तिला शहरातल्या करिअर मेळाव्याला घेऊन गेलो. मंगल कार्यालयात भरला होता. दारात फुग्यांची कमान आणि आत पुठ्ठ्याचा अंतराळवीर, त्याच्या तोंडाच्या जागी भोक. पोरं त्यातून तोंड बाहेर काढून फोटो काढून घेत होती. मार्गदर्शन ते हेच. टेबलाटेबलावर 'शंभर टक्के नोकरी'. शंभर टक्के म्हणणाऱ्याच्या मशीनला मी हातसुद्धा लावत नाही.

एका खासगी संस्थेच्या टेबलामागे, गळ्यात 'समुपदेशक' लिहिलेला पट्टा अडकवून, आमचे तेच सर बसले होते. रिटायर झालेले, केस रंगवलेले. भाचीला सांगत होते, "इलेक्ट्रिक गाड्यांचा कोर्स. एका वर्षात नोकरी. डोळे झाकून घे, बेटा."

इतक्या वर्षांत शब्दसुद्धा बदलले नव्हते!

मी ओळख दिली, आता काय धंदा करतो ते सांगितलं, डी.एड.ची आठवण करून दिली. सर हसले. "मग वाईट काय झालं? मालक झालास की! नोकरीत काय ठेवलंय?"

"मग हिला नोकरीच कशाला दाखवताय, सर?"

आजूबाजूचे पालक वळून बघायला लागले. भाचीनं माझी बाही ओढली. सरांच्या मागे नोकरी लागलेल्या मुलामुलींच्या फोटोंचं पोस्टर होतं, प्रत्येकाच्या खाली कंपनीचं नाव. म्हटलं, यातल्या कुणाचाही एक नंबर द्या, आम्ही बोलून बघतो. सर म्हणाले, तसा देता येत नाही, नियम आहे. ऑपरेटरला भेटू न देणाऱ्या मालकांचाही असाच काहीतरी नियम असतो.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला टेम्पोत घातलं आणि पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी पोस्टरवरल्या एका कंपनीच्या गेटसमोर नेऊन उभं केलं.

"मामा, अनोळखी माणसांना काय विचारू?"

"शिकलात काय, आत कसे लागलात, पक्के आहात का, हातात किती पडतात. बास."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. शिफ्ट सुटली. पहिले तिघं थांबलेच नाहीत. चौथा म्हणाला, "मला नको विचारू पोरी, मीच दुसरी शोधतोय." मी हसत होतो तेवढ्यात भाची पळाली. कंपनीच्या बसकडे निघालेल्या एका बाईचा चेहरा तिनं ओळखला होता. पोस्टरवरचाच.

"ताई, तुमचा फोटो पाहिला मेळाव्यात."

"अजून लावतेत व्हय?" ती हसायला लागली. "लई उपयोग झाला त्या फोटोचा. त्याच्यावर माझं लग्न जमलं. नोकरी अकरा महिन्यांत गेली. आता ठेकेदाराकडून पॅकिंगला आलेय परत."

"आणि कोर्स?"

"कोर्सात गाडी एकदाच बघितली. ती पण संस्थेच्या मालकाची."

"मग पक्के कोण असतात? मी आत्ताच बारावी सायन्स झालेय."

"डिप्लोमावाले. नाहीतर आयटीआय करून अप्रेंटिस झालेले. तू सायन्सची ना? तुला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. मला पण येत होतं, पण कुणी सांगितलंच नाय." बसनं हॉर्न दिला आणि ती पळाली.

परतताना निम्मा रस्ता, छावणीपर्यंत, मी सरांचा उद्धार करत होतो. भाची वही मिटून म्हणाली, "मामा, तुम्ही महिनाभर मला म्हणताय, डोळे झाकून नर्सिंग कर. किती नर्सना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? दवाखाने कधी बंद पडतात का?"

"मास्तराची नोकरी कुठं जात नाही, तसंच ना?"

मी टेम्पो बाजूला घेतला आणि "उतर खाली" म्हणून ओरडलो. ती उतरली नाही. "आता दवाखान्याकडं घ्या," म्हणाली.

घेतला. तिथं तिनं मला गाडीतच बसवलं आणि ड्यूटीवरून बाहेर पडणाऱ्या नर्सना एकटीनं गाठलं. तासाभरानं आली. नोकरी मिळते, पण रात्रपाळ्या आणि रक्त-जखमा रोजच्या, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. "रक्ताचं माझ्याच्यानं होणार नाही," म्हणाली. महिनाभर घसा फोडताना मी तिला एवढंही विचारलं नव्हतं.

सकाळी तिनं पॉलिटेक्निकच्या ऑफिसात जाऊन थेट दुसऱ्या वर्षाची खात्री करून घेतली. "ती गेटवरची ताई पण चुकू शकते ना," म्हणाली. माझ्या धंद्यात ही पोरगी मला विकून खाईल.

रविवारी भाचीच्या फोनवर सरांचा फोन आला, मेळाव्यात तिनं नंबर लिहून दिला होता. भाचीनं स्पीकरवर टाकला. "बेटा, सीट धरून ठेवलीय. उद्या शेवटचा दिवस."

"सर, मला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. तुम्हाला माहीत होतं?"

सर म्हणाले, "माहीत आहे गं. पण आम्ही संस्थेतर्फे बसतो ना तिथं."

इतकी वर्षं मी या माणसाला अडाणी समजून शिव्या दिल्या. मला डी.एड. सांगताना तरी हे अडाणी होते, की तेव्हाही कुणातर्फे बसले होते? प्रश्न ओठांवर आला होता. पण फोन भाचीचा होता आणि तिनं तो बंद केला.

सोमवारी तिनं पॉलिटेक्निकचा अर्ज भरला. सबमिट करायच्या आधी ताईनं मला विचारलं, "तुला काय वाटतं रे? बरोबर आहे ना?"

"मला काय विचारतेस?" मी खेकसलो. "चौकशी तिनं केलीय, तिला विचार."