सराई सापडली नाही

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत दुसरा झाला नाही, आणि नसत्या ठिकाणी त्यांच्याइतकं कोणी तडमडलंही नाही. कुत्रा, विंचू, पडकी विहीर, एसटीचा ड्रायव्हर आणि बाहेरचं पाणी, सगळ्यांची त्यांना सारखीच धास्ती. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, पण सहल निघायच्या दिवशी त्यांना नेमका ताप चढायचा. अशा माणसानं निवृत्तीनंतर घरी पेपर वाचत बसावं की नाही? पण यांना नाद लागला जुन्या रस्त्यांचा. हल्लीचे डांबरी रस्ते होण्यापूर्वी माणसं कुठून जायची, मुक्काम कुठे करायची, घोड्यांना पाणी कुठे दाखवायची. सराया, धर्मशाळा, एवढंच काय, जुने दारूचे गुत्ते कुठे होते, हे शोधत ते दर रविवारी बाहेर पडायचे. एकट्यानं जायची भीती वाटते म्हणून मला घेऊन जायचे. "जावईबापू, तुम्ही पुढे व्हा," असं प्रत्येक काटेरी कुंपणापाशी म्हणायचे. सासुरवाडीकडून मला मिळालेला मान एवढाच.

डोक्यावर खाकी हॅट, हातात सापांसाठी घुंगरू बांधलेली काठी, बगलेत वही आणि खांद्याला घरचं उकळलेलं पाणी भरलेला फिरकीचा तांब्या, असा त्यांचा थाट. अंतर मोजायची पद्धत त्यांची स्वतःची होती. शंभर पावलं झाली की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचा. मोजताना बोलायचं नाही, हा नियम. एकदा सायखेड्याच्या वाटेवर एक मारका बैल आमच्या अंगावर आला. मी बाभळीवर चढलो. मामा जे सुसाट पळाले ते थेट ओढ्यापाशी थांबले. बैल गेल्यावर मात्र परत फिरून, माझ्या बाभळीखाली येऊन, त्यांनी त्र्याहत्तराव्या पावलापासून पुन्हा सुरुवात केली. पळताना पावलं लांब पडतात, ती धरता येत नाहीत, हे त्यांनी मला चिंचोका बदलल्यावर सांगितलं.

गंमत अशी, की या भित्र्या माणसाला बघून लोकच घाबरत. हॅट आणि वही दिसली की समोरच्याला वाटे, सरकार आलं. एका जुन्या गुत्त्याचा इतिहास विचारायला भर दुपारी मामा नाकाला रुमाल लावून आत शिरले, तर मागच्या दारानं सगळं गिऱ्हाईक पसार. मालक हात जोडून थरथरत उभा, आणि त्याचे हात थरथरताना बघून मामाही हात जोडून थरथरत उभे. दोघांना पाठीवर हात ठेवून मीच खाली बसवलं.

पण एक सराई मामांना अकरा वर्षं झुलवत होती. सिन्नरच्या जुन्या वाटेवर ती असलीच पाहिजे, असं त्यांच्या चिंचोक्यांचं म्हणणं. वाचनालयातले एक प्राध्यापक चारचौघांत म्हणाले होते, "मास्तर, ती सराई तुमच्या खिशातच आहे." ते मामांना फार लागलं. पुढच्या शनिवारी तिथेच त्यांना निबंध वाचायचा होता. त्याआधीच्या रविवारी आम्ही शेवटचा प्रयत्न म्हणून निघालो.

त्या दिवसांत सिन्नरकडे कारखान्यांसाठी जमिनींची मोजणी चालू होती, हे आम्हाला ऐकून ठाऊक होतं. त्याचा आमच्याशी संबंध येईल असं मात्र वाटलं नव्हतं. एका वस्तीजवळ मळ्यातून पाच-सहा जण आडवे आले. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. "कोन तुमी? कोनी धाडलं?" मामा मोजत होते. नियम म्हणजे नियम. त्यांनी घाबरून चार बोटं दाखवली, म्हणजे शंभराला चारच पावलं उरली होती.

"चार एकर घेनार व्हय?" कुऱ्हाडवाला ओरडला. पळावं तर मामांना सोडून कसं पळायचं? मामा घामानं भिजले, ओठ पांढरे पडले, तरी डोळे मिटून चार पावलं चाललेच. चिंचोका खिशात टाकला आणि डोळे उघडले, तर समोर सराई होती.

म्हणजे एक घर होतं. पण त्याच्या भिंतीत घडीव दगडाची कमान बुजवलेली, घोडे बांधायच्या दगडी कड्या आणि दारात जनावरांना पाणी पाजायची लांबलचक डोण. मामांनी घाईघाईनं वही उघडली. दारातून एक म्हातारी बाहेर आली. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसत होती. तिनं त्या माणसांना हातानंच मागं सारलं.

"मोजून झालं का, सायेब?"

"मी सरकारी नाही हो, बाई. मास्तर आहे. ही सराई..."

"ठावं हे मला. माज्या सासऱ्याच्या आजानं हितं वाटसरांची राखन केली. सराई पडली, आमी ऱ्हायलो. कागद नाय एक. शेजारची रानं मोजून गेली, आता तुमी सराई लिव्हलं, की सरकार म्हनंल ही आमची जागा, उठा. लय भ्या वाटतं, मास्तर."

भीती म्हणजे काय, हे मामांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी वही मिटली. तिनं पाण्याचा तांब्या आणला, पण मामांच्या खांद्यावरचा तांब्या बघून ती उंबऱ्यावरच थबकली. ती का थबकली, हे मला कळलं, आणि मामांनाही कळलं. त्यांनी आपला तांब्या उतरवून डोणीवर ठेवला, दोन्ही हात पुढे केले आणि तिचं पाणी ते घटाघटा प्यायले.

शनिवारी वाचनालयात मामा उभे राहिले आणि म्हणाले, "सराई सापडली नाही." प्राध्यापक हसले, मग सगळेच हसले. मी उठणार होतो, पण मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. हात बर्फासारखा गार होता, पण सोडला नाही. एवढ्या शूर माणसाला मी इतकी वर्षं भित्रा म्हणत होतो, याची मला लाज वाटली.

मामा गेल्यावर वही माझ्याकडे आली. त्या रविवारच्या पानावर ना चिंचोके आहेत, ना दिशा, ना गावाचं नाव. फक्त दोन शब्द आहेत: "पाणी गोड." आता त्या बाजूला कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्यात. मी एसटीनं जातो तेव्हा वळण जवळ आलं, की खिडकीतून मान आत घेतो. ते घर अजून तिथे आहे का, हे बघायची मला भीती वाटते.