जाळेवाल्या मॅडम

माझं अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पेन हातात आलं ते पगाराच्या सहीपुरतं. त्याबद्दल आधीच माफी. पण आमच्या औषधांच्या कॉलेजातल्या जाळेवाल्या मॅडमइतकं विचित्र माणूस अख्ख्या नांदुऱ्यात झालं नाही, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

मी तिथं झाडलोट करते. मॅडम सिरिंजमध्ये औषध घातलेला चिकट पाक भरत, सुईला विजेची तार जोडत, आणि समोर फिरणाऱ्या नळकांड्यावर डोळ्यांना न दिसणारे धागे येऊन बसत. दुपारपर्यंत त्यांचं पांढरं जाळं होई. "आपण सोऱ्यानं शेव पाडतो ना काकू, तसंच हे. फक्त दाबायचं नाही, विजेनं ओढायचं." ते जाळं जखमेवर ठेवलं की औषध एकदम न सुटता दिवसचे दिवस थोडंथोडं सुटणार होतं. मॅडमचं बोलणंही तसंच. सोमवारी "काकू, तुमाले एक सांगायचं होतं" म्हणून गेल्या, की उरलेलं वाक्य गुरुवारी मिळे. डब्यातली मेथी चिमट्यानं खात. यंत्राशी मात्र घडाघडा बोलत: "चाल बे, काऊन रुसून राह्यला?" नियम एकच, विजेमुळे त्या खोलीत पाण्याचा थेंब नको. झाडू चालेल, पोचा नाही. भर मे महिन्यात कूलरही बंद. शिपाई म्हणायचा, "मॅडम औषध करून राह्यल्या का आपले पापड वाळवून राह्यल्या?"

त्या उन्हाळ्यात पाक सुईच्या टोकावरच वाळे, सुई बुजे. मग एका मंगळवारी अख्खं जाळं आलं, सायीसारखं. मॅडमनी सगळ्यांना पेढे वाटले. त्यानंतर नऊ दिवस पुन्हा काही नाही. पाक तोच, सुई तीच. हवेतली ओल मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. सोमवारी मोठे साहेब बघायला येणार होते. जाळं दिसलं नाही तर काम बंद आणि मॅडमची नेमणूकही संपली. त्या नुसती वही उलटत बसत. डबा तसाच घरी जाई.

कारण मला माहीत होतं. त्या मंगळवारी धूळ फार आली म्हणून त्या यायच्या आधी मी चोरून ओला पोचा मारला होता. घरी सेवया करताना पिठावर ओलं फडकं नसलं तर गरम वाऱ्यात धागा तुटतो, हे माझ्या हातांना ठाऊक. पण सांगावं तर नोकरी जायची. आणि शिकलेल्या माणसाला सेवयांचं काय सांगावं?

शनिवारी दाराशी उभी राहून सांगितलं. मॅडमनी वहीतून मान वर केली.

"अन् हे तुमी नऊ दिवस पोटात ठेवलं?"

"भेव वाटलं, मॅडम."

"किती वाजता मारला होता पोचा?"

"आठ-साडेआठले."

त्यांनी ते वहीत लिहिलं. मग यंत्रापासून दूर, खिडकीला ओली चादर टांगली. दुपारी जाळं आलं. सोमवारी साहेबांनी पाहिलं, आणि काम इतकं वाढलं की ते मोठ्या शहरात गेलं. मॅडमही गेल्या. तिथं खोलीची हवा यंत्रच सांभाळतं म्हणे.

जायच्या दिवशी त्यांनी मला औषध न घातलेला, पाण्यात टिकावा म्हणून करतात तसा अजून पक्का न केलेला एक तुकडा दिला. वजनच कळेना. माझे हात नुकतेच धुतलेले. तुकडा तळव्यावर विरून गेला, नुसता चिकटपणा उरला. मी मान खाली घातली. मॅडमनी दुसरा तुकडा कापला, पण तो टेबलावर ठेवला. आधी आपल्या ओढणीनं माझे दोन्ही हात कोरडे केले, एकेक बोट धरून.