रद्द गाड्या पुकारणारे अप्पा

न आलेल्या गाडीची वाट पाहत तुम्ही शेवटचे कधी उभे होतात, आणि ती येणार नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? बहुतेक कोणीच नाही. तासाभराने शेजारची बाई पिशवी उचलून चालायला लागली, तेव्हा तुम्हाला कळलं असेल. आमच्या तालुक्याच्या एसटी स्थानकावर मात्र एक माणूस ते माइकवरून सांगायचा. मन्मथअप्पा. मागच्या महिन्यात ते गेले. मी लातूरला एका शिकवणीत पेपर तपासत बसले होते, सकाळी नऊच्या सुमाराला त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, अप्पा गेले. तिकडंच, खोलीवर. मुरुडला घरी घेऊन यायलोय. दुपारी माती हाय." फोन ठेवला तरी त्यातला 'तिकडंच' एवढा एकच शब्द कानात राहिला… कारण अप्पांना तिकडं पाठवण्यात माझा हात होता.

अप्पा वाहतूक नियंत्रक होते. चौकशीच्या खिडकीमागे बसायचं, कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार ते बघायचं आणि पुकारायचं, हे त्यांचं काम. माइकची जाळी फाटलेली होती, बोललं की फू फू आवाज यायचा, म्हणून त्यावर त्यांनी स्वतःचा रुमाल गाठ मारून बांधला होता. आठवीपासून मी शाळा सुटली की त्या स्थानकावर यायचे. आमच्या गावच्या आम्ही सहा मुली, आणि आमची पाच दहाची गाडी. बाकीचे नियंत्रक फक्त आलेली गाडी पुकारायचे. अप्पा न येणारीही पुकारायचे, तीही कारणासकट. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पाच दहाची गाडी आज रद्द आहे. टायर नसल्यामुळे रद्द आहे." कधी डिझेल नसायचं, कधी चालक नसायचा. चहावाला खिडकीत कप ठेवताना त्यांना डिवचायचा, "अप्पा, मेलेल्या माणसाच्या नावानं हाका मारल्यावानी वाटतंय बगा." अप्पा कप उचलत म्हणायचे, "मारू दे की. वाट बगणाऱ्याला कळाया नको? त्येला घर हाय, घरी माणसं हायत."

माझे वडील लातूरच्या एका डाळमिलमध्ये हमाल होते आणि हमालांच्या संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं असायची, गणितं मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर सोडवली. त्यातून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की प्रत्येक अन्यायामागे एक माणूस असतो, त्याला नाव असतं, हुद्दा असतो, आणि ते नाव ठळक छापलं की अर्धी लढाई जिंकली. अप्पा मला पत्रकबाई म्हणायचे. अकरावीत असताना एकदा गाडी रद्द झाली तशी मी खिडकीशी गेले आणि म्हटलं, "अप्पा, हे करतंय कोण? नाव सांगा, मी लिहिते."

ते हसले. "तुला नावच पाहिजे. बस, सांगतो." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी कुठल्याच पत्रकात वाचलं नव्हतं. "हितं दिसभर तिकिटाचा पैसा जमतो, त्यो ब्यांकेतून वर जातो. हितं काय ऱ्हात न्हाई. टायर पाहिजे झालं की आगार विभागाला मागतं, विभाग मुंबईला मागतो. म्हाताऱ्याला फुकट नेलं, बायांना अर्ध्या तिकिटात नेलं, तर उरलेलं सरकारनं महामंडळाला भरून द्यायचं. ते आलं की पगार, मग डिझेल, मग टायर. कवा येणार ते हितल्या कुणाच्याच हातात न्हाई. आपला नळ पाइपाच्या पार शेवटाला हाय, आन पाणी सोडायचा वाल तिकडं मुंबईत." मी म्हटलं, मग आमचीच गाडी का रद्द होते? अप्पा म्हणाले, "गाड्या दोन हायत, टायर एकीपुरतं. एकीत तिकीटवाले बसत्यात, दुसरीत तुम्ही पासवाल्या पोरी. कागदावर तुमची गाडी रिकामी पळती." त्या रिकाम्या गाडीत आम्हाला कधी बसायला जागा मिळाली नव्हती.

मी बारावीला गेले त्या वर्षी पाच दहाची गाडी तोट्यातली फेरी म्हणून कायमची बंद झाली. फलकावरून आमच्या गावाचं नाव पुसलं गेलं. माझ्या शेजारी बसणारी शोभा गणितात माझ्याहून हुशार होती. तिच्या वडिलांनी चार दिवस तिला मोटारसायकलवर आणलं-नेलं, पाचव्या दिवशी ती आली नाही, आणि नंतर कधीच आली नाही. सहाजणींपैकी परीक्षेला बसलो आम्ही दोघी. मग मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. 'आमची गाडी पळवणारे आगारप्रमुख, जबाब द्या.' आगारप्रमुखांचं नाव ठळक. खाली पुरावा म्हणून अप्पांचं पुकारणं शब्दाला शब्द, त्यांच्या नावासकट, हुद्द्यासकट. वडिलांनी वाचलं आणि विचारलं, "त्या माणसाला विचारलीस का?" मी म्हणाले, खऱ्याला परवानगी लागत नाही. त्या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

स्थानकाच्या प्रत्येक खांबावर ते पत्रक चिकटलं. आठवड्याभरात वरून खुलासा मागवला गेला. ज्यांना मी गाडीचोर ठरवलं होतं त्या आगारप्रमुखांनीच अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, "मी असं पुकारलं नाही, एवढं एक वाक्य लिहून द्या. मी मिटवतो." अप्पांनी लिहून दिलं, "पुकारलं. टायर नव्हते." प्रशासकीय कारणास्तव त्यांची बदली नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला झाली, इस्लापूरच्या बाजूच्या एका लहानशा थांब्यावर. आगारप्रमुखही बदलले. त्यांच्या जागी दुसरे आले. गाडी आली नाही.

गेल्या उन्हाळ्यात हिंमत करून मी अप्पांना भेटायला गेले. एक खोली, एक खिडकी, माइक नव्हताच. गाडी आली की अप्पा दारात उभे राहून तोंडाने पुकारायचे. नाही आली तरी पुकारायचे. साखर वाढलेली, पाय सुजलेले. मी म्हटलं, "अप्पा, माझ्यामुळं तुम्हाला हे…" मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे पोरी. ते म्हणाले, "हाव. तुझ्यामुळंच." मग म्हणाले, "पत्रक खरं होतं. पत्ता चुकला. खालच्या माणसाचं नाव घ्यायला काय लागतंय, ते समोरच बसलेलं असतंय." निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्या गावची सुरू झाली का गं?" मी नाही म्हटलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ती आमची शेवटची भेट.

माती झाल्यावर मी मुरुडहून आमच्या स्थानकावर आले. आता तिथे ध्वनिमुद्रित आवाज आहे, एका बाईचा, स्वच्छ, कुठल्याच गावचा नसलेला. त्यात ज्या गाड्या भरल्या आहेत त्याच ती पुकारते. आमचं गाव त्यात नाही. खिडकीमागच्या कपाटावर जुना माइक पडला होता, रुमालाची गाठ तशीच, रुमाल धुळीनं मातकट झालेला. नव्या नियंत्रकांना मी विचारलं तर ते म्हणाले, "माइक आगाराचा हाय, ताई. रुमाल न्या पाहिजे तर." मी नेला नाही. उद्या कोणी तो माइक जोडलाच, तर रुमाल लागेल. कोणी जोडेल असं मला वाटत नाही. पाच दहा वाजले, पाच वीस झाले. फलाटावर दप्तर घेतलेल्या तीन मुली उभ्या होत्या. त्यांना कोणीच काही सांगितलं नाही. मी सांगितलं. "पाच दहाची गाडी बंद आहे." त्यातली एक म्हणाली, "माहीत आहे, ताई. वडापची जीप भरायची वाट बघतोय."

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. त्यानं गाडी येईल असं मी म्हणणार नाही, माझा आता त्यावर विश्वास उरलेला नाही. तरी या आठवड्यात तुमच्या स्थानकावर जा. चौकशीच्या खिडकीशी उभे राहा, न आलेल्या गाडीचं नाव घ्या, कारण विचारा, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारायला सांगा. मिळालेलं कारण कागदावर लिहा आणि तो कागद आगाराला नव्हे, विभागालाही नव्हे, थेट मुंबईला पाठवा, जिथे वाल आहे. फक्त त्या कागदावर खिडकीतल्या माणसाचं नाव लिहू नका.