दोन आहेर आणि एक शाल

मी बाईही नाही आणि पुरुषही नाही, ही गोष्ट आमच्या घरात एकदाची सगळ्यांना पटली आणि त्यावरून जावई रुसले.

सगळं सुरू झालं ते जळगावच्या आमच्या स्वयंपाकघरात. आई भरताची वांगी भाजत होती. माझ्याकडे या प्रसंगासाठी एक भाषण तयार होतं. (आरशासमोर इतक्यांदा म्हणून झालं होतं की आरशालाही पाठ झालं असेल.) प्रत्यक्षात तोंडातून निघालं एवढंच, "आई, मी मुलगा नाही आणि मुलगीही नाही. आतून मला तसं कधी वाटलंच नाही."

आईनं वांगं उलटं केलं. "बरं. मग भाकरी किती खाशील?"

भाषण तिथंच राहिलं! आप्पांना हे आईकडून कळलं. मग एका सकाळी पेपर खाली ठेवून म्हणाले, "नाव किरणच राहणार ना?" मी हो म्हटलं. "झालं तर मग! दारावरची पाटी बदलायला नको." आणि त्यांनी एकेका नातेवाइकाला फोन लावून ही बातमी सांगून टाकली. पहिल्या वाक्यात माझी, दुसऱ्यात केळीच्या भावाची. लोकांनी केळीच्या भावावरच जास्त चर्चा केली म्हणे. काही जण मात्र मला गाठून विचारायचेच, "पण जन्माच्या वेळी काय होतं रे बाबा?" मी सांगत असे, "थंडी होती."

एवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, मोनीचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा. घर चांगलं, माणसं चांगली. म्हणून तर मला जास्त काळजी! नव्या सोयऱ्यांसमोर माझ्यावरून कुजबुज झाली आणि मोनीच्या लग्नाला गालबोट लागलं तर? मी तिला म्हटलं, "मला त्या दिवशी पुण्यात काम निघू शकतं."

"निघू दे," मोनी म्हणाली. "तू मांडवात नसशील तर मी बोहल्यावर चढणार नाही. मग कर ते काम आरामात."

आता आमच्या खान्देशातलं लग्न म्हणजे आहेर आलाच. पुरुषांना टॉवेल-टोपी, बायकांना साडी, आणि कोणाला काय दिलं ते माईकवरून साऱ्या मांडवाला ऐकवायचं. आई खोलीभर गठ्ठे मांडून बसली होती. डावीकडे टॉवेल-टोप्या, उजवीकडे साड्या, आणि मधोमध आई, डोक्याला हात लावून.

"किरणला साडी दिली तर किरणला वाईट वाटेल. टॉवेल-टोपी दिली तरी किरणला वाईट वाटेल. करू काय?"

"त्यात काय? दोन्ही देऊन टाक!" आप्पा म्हणाले.

किरण शेजारच्या खोलीतच होतं, त्याला विचारावं, असं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! (आमच्या घरात प्रेम उतू जातं, पण विचारून करायची पद्धत नाही.) कोपऱ्यात एक जाडजूड लोकरीची शालही होती. ती लग्नाला येणाऱ्या एका पुढाऱ्याच्या सत्कारासाठी. भर उन्हाळ्यात घेतल्यामुळे आईला स्वस्तात मिळाली होती आणि त्याचा तिला फार अभिमान होता.

लग्न वैशाखात. मांडवातले कूलर नुसती गरम हवा इकडून तिकडे नेत होते. अक्षता पडल्या, आहेर सुरू झाले. माईक एका निवृत्त गुरुजींच्या हातात होता आणि ते तो सोडायला तयार नव्हते.

"वधूचं भावंड किरण! यांना आई-वडिलांकडून टॉवेल, टोपी... आणि साडी!"

साऱ्या माना माझ्याकडे वळल्या! कूलरसुद्धा माझ्याकडेच वळल्यासारखे वाटले. मला वाटलं, झालं, ज्याची भीती होती तेच झालं. आता कुजबुज, मग हसू, मग मोनीचे डोळे भरणार. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात धुळ्याच्या विहीणबाई तरातरा उठल्या. त्यांचा समज असा झाला की, नवरीच्या भावंडाला दुहेरी आहेर द्यायची जळगावकडे रीतच असावी, आणि आपण अडाणी ठरलो! "आम्ही धुळ्याचे काय कमी आहोत का?" असं म्हणत त्यांनी आपल्या पिशवीतून एक साडी, एक टॉवेल आणि एक टोपी काढली. माझ्या डोक्यावर टोपीवर टोपी बसली. गुरुजींनी तेही माईकवरून सांगितलं. मोठ्यानं!

आणि मग पहिल्या रांगेतून आवाज आला.

"येले चार, नि माले एक?"

हे नाना. अमळनेरचे, बोलणं सगळं अहिराणीत. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमच्या घरचे थोरले जावई. हातातला टॉवेल त्यांनी खुर्चीवर टाकला, टोपी त्यावर ठेवली आणि ताडताड बाहेर गेले. आत्या मागे धावली नाही. "जाऊ द्या, माझ्या लग्नातपण रुसले होते," म्हणाली.

पण जाऊ कसं देणार? आमच्याकडे थोरला जावई बसल्याशिवाय घरच्या पंगतीला पानं वाढत नाहीत. नवरा-नवरीसुद्धा त्याच पंगतीत. मोनी सकाळपासून उपाशी होती आणि मांडवातून माझ्याकडे अशी बघत होती की, मी निमूट बाहेर पडणंच बरं. तिच्या लग्नात माझ्यामुळे काही बिघडू नये म्हणून मी देव पाण्यात घातले होते, आणि बिघडलं ते माझ्यामुळेच! फार वाईट वाटत होतं.

नाना गाडीत बसले होते. काचा वर, एसी सुरू, तोंड पलीकडे. मी दार उघडून शेजारी बसकण मारली आणि ठरवलं, आता तरी ते भाषण पूर्ण करायचंच.

"नाना, स्त्री आणि पुरुष या दोन चौकटींच्या पलीकडेही..."

"ते माले कयनं!" नाना कडाडले. "तू बाई बी नही, गडी बी नही. तुना बापनी फोनवर सांगं. माले त्यानं काय? पन दोन-दोन आहेर काबर? इतला वरीस व्हयनात मी या घरना जवाई शे. माले कधी टॉवेलवर रुमाल बी नही भेटना!"

भाषणात या मुद्द्याची काहीच तयारी नव्हती.

"अर्धं-अर्धं व्हई," नाना म्हणाले, "तर अर्धा टॉवेल, अर्धी साडी. हिशोब बराबर."

आता मात्र मला राग आला. "नाना, मी अर्धंअर्धं नाही! मी अख्खं आहे. फक्त या दोन्हींतलं नाही."

"दोन्हीमधलं नही?" नानांनी पलीकडे बघतच चुटकी वाजवली. "मंग दोन्ही आहेर वापस कर!"

घ्या! मोठमोठ्या लेखांत वाचून मला जे नीट मांडता आलं नव्हतं, ते नानांनी टॉवेलावरून मांडून दाखवलं. दोन्ही म्हटलं तर दोन मिळतात, दोन्ही नाही म्हटलं तर काहीच मिळत नाही. मधल्या मध्ये मी टोपीवर टोपी घालून अडकलेलं.

शेवटी मी म्हटलं, "नाना, मला दोन नकोत. तुम्हाला एक, तसा मलाही एक. पण माझा."

नानांनी एसी बारीक केला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून, अगदी हळू म्हणाले, "मंग तुले काय पाहिजे, ते तू सांग ना, बेटा."

हा प्रश्न तोवर मला कोणीच विचारला नव्हता. मला भरून आलं. आणि खरं सांगायचं तर उत्तरही माहीत नव्हतं!

"सुचत नाही, नाना."

नानांनी विचार केला आणि मांडीवर थाप मारली. "तो पुढारी उना का?"

"नाही आला."

"मंग त्यानी शाल शे ना? शाल बाईलेबी देतस, गडीलेबी देतस. शालले कोनी इचारत नही!"

नाना मला हाताला धरून मांडवात घेऊन आले. चारही आहेर त्यांनी आईच्या स्वाधीन केले, गुरुजींच्या हातून माईक काढून घेतला (हे आजवर कोणालाच जमलं नव्हतं) आणि गरजले, "हाई आमनं किरण शे! येना मान येगळा शे!" आणि ती लोकरीची शाल माझ्या खांद्यांवर घालून, पुढून घट्ट ओढून, गाठ मारली. टाळ्या पडल्या. विहीणबाईंनी डोळे पुसले. मग नाना टोपी घालून ऐटीत पंगतीत बसले आणि पानं वाढायला सुरुवात झाली.

मी हळूच गाठ सोडायला हात घातला.

"शाल काढानी नही!" नाना पलीकडून ओरडले. "जवाईनी घालेल शे!"

वैशाखातली दुपार, वांग्याची गरमागरम भाजी, वर शेवेचा रस्सा, आणि अंगावर ऐन थंडीसाठी विणलेली लोकर. मोनी माझ्याकडे बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला तसं हसताना बघून मला फार, फार बरं वाटलं.

तेव्हापासून अमळनेर असो की चोपडा, घरातल्या प्रत्येक लग्नात बायकांना साडी, पुरुषांना टॉवेल-टोपी आणि किरणला शाल, हे ठरूनच गेलं आहे. लग्नं सगळी उन्हाळ्यातच येतात. कपाट भरलं आहे. आपली ओळख मिळवताना माणसाला किती सोसावं लागतं, यावर माझ्या त्या भाषणात एक मोठा परिच्छेद होता. तो आता मी काढून टाकला आहे. मला सोसावं लागलं ते फक्त घामोळं!