लिनक्सचा आवाज आणि अप्पांचे कान

लिनक्सबद्दल, म्हणजे विंडोजऐवजी मी वापरायचे त्या फुकट प्रणालीबद्दल, कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरायचं. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून मी ते माझ्या सेकंडहँड लॅपटॉपवर चढवलं होतं, आणि बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात त्याचा इतका टेंभा मिरवला होता की आता माघार घेणं शक्यच नव्हतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. घरात लॅपटॉप असणं हीच मुळात मिजास.

त्या दसऱ्याला माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, अमेरिकेहून तिच्या तीन वर्षांच्या मुलीचा आवाज ईमेलने पाठवला. खास आमच्या वडिलांसाठी, अप्पांसाठी. अप्पांचे कान पार गेलेले. दर रविवारी अक्काचा फोन आला की ते रिसीव्हर कानाला लावून "सरी, सरी" असं कन्नडातलं बरं-बरं म्हणत आणि लगेच आईकडे देत. नातीचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. हेडफोन लावून आवाज पुरता वाढवला की नक्की ऐकू येईल, असं मी छातीठोकपणे सांगून बसले. ऑफिसातून फ्लॉपीवर फाइल आणली, माइकवाला हेडफोन आणला. अप्पा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले.

आवाज नाही.

साउंड कार्डाला लिनक्स ओळखच दाखवेना. मी त्याच्या सेटिंगमधले आकडे एकेक बदलत गेले आणि दुपारी लॅपटॉपच्या पिटुकल्या स्पीकरमधून नातीची चिवचिव आली. अप्पांना त्याचा काय उपयोग? हेडफोनची पिन घातली की स्पीकर गप्प आणि हेडफोन त्याहून गप्प. आवाजाची पातळी ठरवणारा मिक्सर शून्यावर होता, तो शंभरावर नेला. ढिम्म. मग इरेला पेटून सबंध कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, नव्याने कंपाइल केला, चार तास. तरी ढिम्म. "होईल गं, स्वल्प दमानं घे," अप्पा म्हणाले आणि सदरा घडी करून ठेवायला गेले. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी आई चहा घेऊन आली आणि वाकून बघत राहिली.

"ही पिन अशी अर्धी बाहेरच असते का?"

"आई, तुला यातलं काय कळतंय?" मी खेकसले, आणि मग पाहिलं. पिन खरंच अर्धी बाहेर होती. ओढली तर टोकाला पिवळा-लाल चिखल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा झाली होती. त्या दिवशी बेंगळुरूत बसपासून लेथपर्यंत एकही यंत्र हळदीकुंकवावाचून सुटत नाही. मीच आईला दटावलं होतं: स्क्रीनला लावायचं नाही, बटणांना लावायचं नाही, झाकणावर डाग नको.

"मग राहिलं काय?" आई शांतपणे म्हणाली. "ती दोन भोकं दिसली, त्यात लावलं. नीट ओलं करून."

मी कपाळावर हात मारला, पण हसू काही आवरेना. आईने काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला आणि लहान मुलाचे कान साफ करावेत तशी दोन्ही भोकं निगुतीने साफ केली. वाळल्यावर पिन टक्कन आत गेली.

अप्पांनी परत सदरा घातला. मी आवाज पुरता वाढवून फाइल लावली. आजोबांना ऐकू येत नाही, हे अक्काने लेकीला पढवून ठेवलेलं होतं. त्यामुळे पोरगी पहिल्या शब्दापासून घसा फाडून ओरडत होती. अप्पा खुर्चीतच दचकले. दोन्ही हातांनी हेडफोन जरासा दूर धरला. डोळे भरून आलेले आणि चेहरा असा फुललेला की मी तसा कधी पाहिला नव्हता.

"हिला सांगा कुणीतरी," ते म्हणाले, "हळू बोल म्हणावं. मला ऐकू येतंय."